जिम्नी लिफ्ट, भाग ४: मागची उजवी शेवटी निघाली

निघाली! मारुती जिम्नी उंच करायला (म्हणजेच लिफ्ट) चारही स्प्रिंगा काढून लांब स्प्रिंगा बसवतोय. त्यातली मागची उजवी दोन रविवार आणि एक कापलेला बोल्ट खर्ची घालून काल दुपारी साडेचारला बाहेर आली. हाताने उचलून, आंब्याची पेटी उचलावी तशी. हाताने हे मुद्दाम लिहितोय, कारण आदल्या रविवारी याच स्प्रिंगला मी पहार लावली होती. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

पुढच्या दोन्ही कशा निघाल्या ते भाग ३ मध्ये आलंय. मागची डावी तर वीस मिनिटांत निघाली, नवी बसली, शॉक ॲबसॉर्बरचा (शॉकचा) खालचा बोल्टही आवळून टाकला. चूक तिथेच झाली होती, पण ते कळायला आठवडा गेला.

उजवीकडे पहिला अडथळा शॉकच्या खालच्या बोल्टचा. रत्नागिरीची खारी हवा आणि दोन पावसाळे, गाडी नवी असून काय उपयोग? नट सुटला, पण बोल्ट बुशच्या (शॉकच्या टोकातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या नळीला गंजून चिकटलेला. पाना फिरवला की रबर पिळायचं, सोडला की बोल्ट परत जागेवर. रात्रभर डब्ल्यूडी-फोर्टी, मग रॉकेल, मग पान्याला पाइप लावून जोर. (टपारियाचा रिंग पाना वाकला नाही, हे नाशिककरांसाठी नोंदवून ठेवतो.) गॅसची ज्योत लावायचा सल्ला दोघांनी दिला. नको. शॉकमध्ये दाबाखालचा गॅस, बाजूला रबर, पलीकडे ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी). ग्राइंडरने कापला. कापण्याआधी ॲक्सलखाली जॅक टेकवून ठेवला होता, कारण हाउसिंगला (ॲक्सलच्या लोखंडी आवरणाला) खाली जाण्यापासून अडवतो तो शॉकच. तो सुटला की स्प्रिंग सगळं ओझं खाली ढकलते.

मग जॅक हळूहळू उतरवला आणि स्प्रिंग इंचभर अडकून राहिली. वरच्या कपातून सुटेना, खालच्या बैठकीतून सरकेना. जॅक आणखी उतरवला तर तो हाउसिंगपासून सुटला आणि ॲक्सल हवेत लटकला. डाव्या हाताने स्प्रिंग धरून उजव्या हाताने पहार घातली. पहार सटकली, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला भोक पाडून गेली, आणि मी मागे जांभ्याच्या पायरीवर बसलो. स्प्रिंग जागेवरच. तेवढ्यात चेसिसवरून हाउसिंगवर उतरणारा ब्रेकचा रबरी होज दिसला, तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला. ॲक्सलचं वजन त्याच्यावर आलं होतं. काम तिथेच थांबवलं.

संध्याकाळी वहीवर हिशोब केला, आधी करायला हवा होता तो. समजा स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला ३० न्यूटन आणि ती १०० मिलिमीटर दाबलेली आहे. म्हणजे बळ ३,००० न्यूटन, तीनशे किलोच्या आसपास. आणि साठलेली ऊर्जा १५० ज्यूल. पंधरा किलोचं तांदळाचं पोतं मीटरभरावरून पायावर पडलं तर जे होईल ते. माझ्या अडकलेल्या इंचभरात ऊर्जा याच्या बरीच कमी होती, पण माझं तोंड स्प्रिंगच्या रेषेत होतं.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या मिस्त्रींना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डावीकडचा शॉक लावलास?"
"हो, पूर्ण आवळला."
"मग काढ तो. आणि पॅनहार्ड पण सोड. पहार कशाला लावतोस रे, वेडा का खुळा?"

एवढंच. (पॅनहार्ड म्हणजे ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा रॉड, एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला.) डावा शॉक जोडलेला, म्हणजे ॲक्सलचं डावं टोक शॉकच्या लांबीवर अडलेलं. उजवं टोक खाली जायचं तर पूर्ण हाउसिंग तिरकं व्हायला हवं, आणि ॲक्सलला चेसिसशी जोडणाऱ्या लिंक रॉडची रबरी बुशं त्याला विरोध करतात. ही बुशं गाडी चाकांवर उभी असतानाच्या उंचीला आवळलेली असतात. ॲक्सल खाली लटकवला की ती पिळली जातात आणि त्याला परत वर ओढतात. मी एका इंचासाठी गाडीच्या सगळ्या रबरांशी कुस्ती खेळत होतो. जिप्सीवाल्यांना यातलं काही कळणार नाही, त्यांच्या गाडीला अशा स्प्रिंगांऐवजी पाटे, ते बरे.

काल क्रम असा ठेवला. चेसिसखाली दोन घोड्या, घोड्यांखाली फणसाच्या फळ्या, कारण अंगण जांभ्याचं असलं तरी वरची माती दबते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडकणी, गाडी हलू नये म्हणून. ट्रॉली जॅक हाउसिंगखाली. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरीच्या क्लिपा आणि ब्रेक होजचं ब्रॅकेट आधी सोडलं. दोन्ही शॉक खालून मोकळे. पॅनहार्डचा ॲक्सलकडचा बोल्ट काढण्याआधी ॲक्सल रॅचेट पट्ट्याने चेसिसला बांधला, कारण तो रॉड निघाला की ॲक्सल जॅकवरून बाजूला घसरू शकतो. शेवटी स्प्रिंगच्या वेढ्यांतून जाड दोर ओवून चेसिसला सैल बांधला, बैलाचं दावं असतं तसं. उडालीच तर लांब जाणार नाही.

जॅक उतरवला. एक हलका 'टक्' आणि स्प्रिंग बैठकीत डुलायला लागली. आईला बोलावून दाखवली. "एवढ्यासाठी दोन रविवार?" म्हणाली, पण चहा आणला.

स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) का नाही वापरला, असं विचारणार असाल तर: इथे लागत नाही. अखंड ॲक्सल पुरेसा खाली जातो. शिवाय हुकांचे ते स्वस्त कॉम्प्रेसर वेढ्यांवरून घसरतात, माझा त्यांच्यावर विश्वास नाही. पण २०२० नंतरच्या थारवाल्यांनो, तुमची पुढची स्प्रिंग शॉकवरच चढवलेली आहे. तिथे कॉम्प्रेसरशिवाय शॉकचा वरचा नट सोडायचा नाही. चांगला कॉम्प्रेसर नसेल तर दुकानात न्या.

नवी स्प्रिंग आणखी सोपी गेली. लांब असूनही गेली, कारण जागा खरोखर मोकळी होती. खालचं टोक बैठकीच्या खोबणीत नीट बसलंय का ते बोट घालून नाही, आरशाने बघितलं. किटच्या दुकानदाराने डावी-उजवीची खूण केली नव्हती आणि फोनवर "दोन्ही सारख्याच आहेत" म्हणाला. मोजल्या, तर नव्हत्या. त्याच्याकडून परत काही घेणार नाही.

बोल्ट सगळे हाताने लावले, चाकं चढवली, गाडी जमिनीवर घेतली, पुढे-मागे ढकलून बसवली आणि मगच टॉर्क रेंचने आवळलं. हवेत आवळलं असतं तर बुशं कायमची पिळलेली राहिली असती. कापलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट नाही, मूळ पार्टच मागवला होता.

गाडी मागे ४३ मिलिमीटर वर आलीय, किट ४० चं आहे. स्प्रिंगा वापराने अजून दबून बसल्या नाहीत आणि डिकी रिकामी आहे. आणि हो, हाउसिंगखालची जागा एक मिलिमीटरही वाढलेली नाही. ती मोठ्या टायरनेच वाढते, दर भागाखाली विचारू नका.

पुढचा बेत ॲडजस्टेबल पॅनहार्डचा होता. पण हे लिहिता लिहिता वाटलं, आधी मोजू तरी. रॉडची लांबी तीच आणि तिरकेपणा वाढला, म्हणजे ॲक्सल चेसिसकडच्या टोकाच्या बाजूला सरकणार. किती? उठून आजोबांचा ओळंबा शोधला, दोन्ही मागच्या मडगार्डवरून सोडला आणि टायरपर्यंतचं अंतर मोजलं. सरक आली ४ मिलिमीटर. एवढ्यासाठी रॉड घेत नाही. ते पैसे लांब शॉकमध्ये घालतो, आणि त्याच्याबरोबर ब्रेक होजचं ब्रॅकेट खाली आणावं लागेल. ते कोणी घरी बनवलं असेल तर पत्र्याची जाडी किती घेतलीत ते सांगा.

स्टिअरिंग मात्र सरळ चालताना थोडं डावीकडे वळलेलं राहतं आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलाय. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा रॉड) उद्या.