बाहेर आलेली वीत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीत, पेट्रोल पंपावर, नातेवाइकांच्या लग्नातसुद्धा एकच प्रश्न येतो: "मागे एवढं धूड लावून गाडी चालवता, भीती नाही वाटत?"

वाटते. पण माझ्यासाठी नाही, डाव्या बाजूने येणाऱ्या दुचाकीवाल्यासाठी.

आमची गाडी १.८५ मीटर रुंद आहे आणि मागची कॅरव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, २.३० मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना ती गाडीच्या साधारण २२ सेंटिमीटर बाहेर येते. हाताची बोटं ताणून मोजा, जवळजवळ एक वीत भरेल. सगळा घोळ त्या वितीचा आहे. स्कूटरवाला माझ्या गाडीचा अंदाज घेऊन फटीत शिरतो, आणि गाडी संपली की त्याच्या हँडलसमोर कॅरव्हॅनची भिंत येते.

पुण्यात कोथरूड डेपोजवळ नेमकं हेच घडलं. मी इंडिकेटर देऊन डावीकडे गल्लीत वळत होते. वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांमागून तंतोतंत येत नाहीत, आत सरकून कोपरा कापतात. डाव्या आरशात अचानक एक पिवळं हेल्मेट दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. बाईच्या मागे शाळेच्या गणवेशातला मुलगा बसला होता. फूटपाथ आणि कॅरव्हॅन यांच्यामध्ये दोघं अडकली होती, स्कूटरचा आरसा पत्र्याला टेकलेला. मी अजून हातभर पुढे गेले असते तर? त्या बाईंची काहीच चूक नव्हती. मी वळण फार आतून घेतलं होतं. पत्र्यावरचा तो ओरखडा अजून आहे.

वळण कसं घ्यायचं हे मला शिकवलं ते उसाची वाहतूक करणाऱ्या एका ट्रॅक्टरचालकाने, सासवड रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. मागे दोन ट्रॉल्या जोडून गाळपाचा अख्खा हंगाम रस्त्यावर काढणारा माणूस. म्हणाला, "ताई, आधी सरळ पुढं जायचं, मग वळायचं. आरशात रस्ता नका बघू, मागलं चाक बघा." एवढ्या एका वाक्याने माझं ड्रायव्हिंग बदललं.

अमेरिकेत राहणारा मावसभाऊ म्हणतो, तिकडे ८.५ फूट रुंदीचे ट्रेलर लोक सर्रास ओढतात, त्यात काय एवढं? खरं आहे. ८.५ फूट म्हणजे २.५९ मीटर, आणि आपल्याकडेही वाहनाच्या रुंदीची कायदेशीर मर्यादा २.६ मीटरच आहे. कागदावर दोन्ही देश सारखे. पण तिथल्या हायवेच्या १२ फुटी लेनमध्ये एका वेळी एकच वाहन असतं. आपल्या पौड रस्त्यावर तेवढ्याच जागेत एक कार, दोन स्कूटर आणि एक रिक्षा असते. ब्रिटनमध्ये ट्रेलर गाडीपेक्षा रुंद असेल तर लांब दांड्याचे जादा आरसे लावावे लागतात, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर ट्रेलर ओढणाऱ्याला सगळ्यात वेगवान लेनमध्ये जाता येत नाही. ते आरसे मी लगेच लावून घेतले. लेनचा नियमही स्वतःला लावून घेतला आहे.

वजनाची गोष्ट वेगळी, पण तिथेही मी ठेच खाल्ली आहे. वाईहून परतताना पाण्याचे भरलेले कॅन आणि सायकली आम्ही कॅरव्हॅनच्या शेपटाकडे ठेवल्या होत्या. खंबाटकीचा बोगदा मागे पडला, शेजारून एक ट्रक जोरात गेला आणि मागचं सगळं डावी-उजवीकडे डोलायला लागलं. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा. घाबरून कचकन ब्रेक दाबला की डोलणं वाढतं. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग हिचवर, म्हणजे गाडीच्या जोडावर, यावाच लागतो. अमेरिकेत हे प्रमाण १० ते १५ टक्के धरतात. आमचं तर मागचं टोक जड होऊन जोड वर उचलला जात होता. आता पाणी मुक्कामाला पोहोचल्यावरच भरतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मी आधीच खालचा गिअर टाकते. त्या उतारावर ओझ्याची वाहनं ब्रेकच्या भरवशावर सोडल्याने काय होतं, हे पुणेकरांना सांगायला नको. आणि कॅरव्हॅन चालू असताना आत कोणीही बसत नाही, पाहुण्यांची मुलं कितीही रडली तरी.

पण माझा सगळ्यात मोठा निर्णय रुंदीबद्दलच आहे. कॅरव्हॅन आता मी शहरात आणतच नाही. पिरंगुटच्या पुढे एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये भाड्याने ठेवते. शुक्रवारी कारने तिथे जायचं, हिच जोडायची, साखळी अडकवायची, दिवे तपासायचे आणि मुळशीकडे निघायचं. भाडं जातं, दर वेळी तासभर जादा मोडतो, घरचे कुरकुरतात. पण माझी मुलगी रोज त्याच पौड रस्त्यावरून स्कूटरने कॉलेजला जाते, आणि गाड्यांच्या डाव्या बाजूच्या फटीतूनच जाते.