कोड म्हणतो लीन, प्लग म्हणतात रिच: जुन्या गाडीचा माझा अनुभव

माझ्या २०११ च्या पेट्रोल हॅचबॅकचं शहरातलं अ‍ॅव्हरेज पंधराच्या आसपास असायचं. ते घसरत घसरत अकरावर आलं आणि पाठोपाठ चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर कोड निघाला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन. ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू,’ असं सांगण्यात आलं. सेन्सरची किंमत चार हजारांच्या घरात होती. खर्चाला माझी ना नव्हती, पण हिशेब जुळत नव्हता. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग गाडी पेट्रोल जास्त का पितेय?

घरी येऊन स्पार्क प्लग काढले. चारही प्लगांवर कोरडी, मऊ काजळी होती, बोटाला लागेल अशी. लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग पांढुरके पडतात. हे तर सरळसरळ रिचचं, म्हणजे पेट्रोल जास्त असल्याचं, लक्षण. कोड एक सांगतोय आणि प्लग त्याच्या बरोबर उलट, म्हणजे कुणीतरी फसतंय.

इथे सेन्सरचं काम समजून घेणं भाग आहे. पुण्यात एप्रिल २०१० पासून नव्या गाड्या बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या विकल्या जाऊ लागल्या. या पेट्रोल गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एक्झॉस्टमधल्या सेन्सरवर नजर ठेवून पेट्रोल कमी-जास्त करतो. लक्ष्य असतं एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. पण सेन्सरला पेट्रोल कळत नाही, त्याला कळतो फक्त ऑक्सिजन. धुरात ऑक्सिजन उरला तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास, म्हणजे लीन. उरला नाही तर ०.८-०.९, म्हणजे रिच. चांगल्या चालीच्या गाडीत हा आकडा ०.४५ च्या खाली-वर सतत झुलत राहतो. तो ऑक्सिजन इंजिनातून आला की बाहेरून कुठून घुसला, हे सेन्सरला सांगता येत नाही. एखादा सिलिंडर मिसफायर झाला, म्हणजे त्यातलं मिश्रण पेटलंच नाही, तरी न जळलेला ऑक्सिजन तसाच पुढे येतो आणि सेन्सर ‘लीन’ म्हणतो, मग पेट्रोल कितीही पडलेलं असो. त्यामुळे आधी प्लग साफ केले, ठिणगी देणाऱ्या कॉइल तपासल्या. मिसफायर नव्हता.

मग गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे वाचणारं साधं ब्लूटूथ उपकरण घेतलं आणि मोबाइलवर आकडे पाहायला बसलो. माझ्या मते जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे हे असावं. नुसता कोड अर्धवट माहिती देतो, खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये असते. ट्रिम म्हणजे ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय. माझ्या गाडीत आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, लाँग टर्म ट्रिम (दीर्घकाळची सरासरी दुरुस्ती) +२२ च्या पुढे होती. २५०० आरपीएम धरून ठेवले की हळूहळू खाली यायची.

सेन्सर मेलाय का, हे बघायला फार खटपट लागत नाही. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं. मग अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात दाबला: व्होल्टेज तत्काळ ०.८५ वर. पाय काढला, तशी इंधनपुरवठा तुटल्याबरोबर ०.१ च्या खाली. दोन्हीकडे इतक्या चपळाईने जाणारा सेन्सर गेलेला नसतो. गेलेला सेन्सर एकाच आकड्यावर अडकतो किंवा आळसावल्यासारखा हलतो.

आता उरली बाहेरची हवा. पहिला संशय इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या, बाजूला जातो: फाटकी व्हॅक्यूम नळी, थ्रॉटल बॉडीची पॅकिंग. पण तिकडून हवा घुसली असती तर ईसीयूने तेवढं पेट्रोल वाढवून मिश्रण बरोबरच केलं असतं. प्लग काळे झाले नसते. नळ्या तरीही एकेक करून तपासल्या, सगळ्या ठीक. याचा अर्थ हवा इंजिनाच्या नंतर आणि सेन्सरच्या आधी घुसत होती.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखालून एक बारीक टिकटिक यायची आणि गाडी तापली की थांबायची. मी ती टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) धरून चाललो होतो. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या हेडला जोडलेला धुराचा पहिला पाइप, फुंकत असेल तरी असंच होतं: तो तापला की प्रसरण पावतो आणि बारीक फट बरीचशी मिटते, म्हणून आवाज थांबतो. इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू चिंध्या गुंडाळून लावली आणि मॅनिफोल्डच्या जोडावर साबणाचं पाणी मारलं. चौथ्या सिलिंडरच्या खालच्या स्टडपाशी (मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टपाशी) बुडबुडे फुटायला लागले. आरशाने बघितलं तर तिथेच हेडवर काळा फराटा.

आयडलला एक्झॉस्टमध्ये दाबाच्या लाटा असतात. दोन लाटांच्या मध्ये दाब क्षणभर बाहेरपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सर प्रामाणिकपणे ‘ऑक्सिजन आहे’ म्हणतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात. आरपीएम वाढला की धुराच्या मानाने ती हवा नगण्य होते, म्हणून ट्रिम उतरते. पीयूसीत गाडी पास झाली होती, त्याचंही कोडं सुटलं: जादा पेट्रोलचे वायू आणि घुसलेली हवा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये एकत्र जळत होते. हे फार दिवस चाललं असतं तर कन्व्हर्टर तापून खराब होण्याचा धोका होता, आणि त्याच्यापुढे सेन्सरची किंमत काहीच नाही.

हे सगळं दाखवल्यावर मेकॅनिकने मन लावून काम केलं. स्टड गंजलेले होते, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. तरी एक स्टड तुटलाच, तो हेडमध्ये ड्रिल करून काढावा लागला. मॅनिफोल्डचा चेहरा किंचित वाकला होता, तो लेथवर सपाट करून घेतला. नुसती नवी पॅकिंग घातली असती तर काही महिन्यांत परत फुंकली असती. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क रेंचने आवळले.

कोड पुसून गाडी नेहमीच्या रस्त्यावर चालवली. लाँग टर्म ट्रिम उतरत +३ वर येऊन थांबली, सकाळची टिकटिक गेली, अ‍ॅव्हरेज पुन्हा चौदाच्या वर आहे. सेन्सर जुनाच आहे. पुढच्या सर्व्हिसला प्लग काढून त्यांचा रंग परत बघणार आहे.