पहिले अठरा मीटर: ड्रॅग रेसिंगमधील माझा एक हंगाम

इंदुरात राहून ड्रॅग रेसिंग, म्हणजे सरळ पट्टीवर शेजारी-शेजारी उभ्या गाड्यांची ठराविक अंतराची शर्यत, करायचे म्हटले, की पहिला प्रश्न गाडीचा नसतो, जागेचा असतो. सुपर कॉरिडॉरसारखा रुंद आणि रात्री मोकळा होणारा रस्ता अनेकांना मोह घालतो. परंतु सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी जेथे एखादी गाय केव्हाही दुभाजक ओलांडून समोर येऊ शकते, तेथे घड्याळाशी स्पर्धा करण्यात कोणते शौर्य आहे, हे मला आजवर कळलेले नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग २०२१मध्ये सुरू झाला. पण तो प्रामुख्याने वाहनांच्या चाचण्यांसाठी आहे, माझ्यासारख्याच्या रविवारच्या हौसेसाठी नाही. म्हणून माझा हंगाम म्हणजे हिवाळ्यात दूरच्या हवाई पट्ट्यांवर होणाऱ्या मोजक्या स्पर्धा, आणि उरलेले वर्षभर गाडीवरचे काम.

गाडी मारुती एस्टीम. १२९८ सी.सी.चे, सोळा व्हॉल्व्हचे, ८५ अश्वशक्तीचे इंजिन. तिचे उत्पादन २००७मध्येच थांबले, तरी सुटे भाग अजून मिळतात आणि ती वजनाने हलकी आहे; १४०० सी.सी.पर्यंतच्या वर्गात उतरू पाहणाऱ्याला याहून स्वस्त सुरुवात सापडणे कठीण. केलेले फेरफार रस्त्यावर चालवण्याजोगे नसल्यामुळे ती स्पर्धेला ट्रेलरवरून जाते. स्पर्धेचा परवाना फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेकडून घ्यावा लागतो, आणि शर्यतीपूर्वीच्या तपासणीत हेल्मेट, पट्टे, अग्निशामक आणि बॅटरीची बांधणी बारकाईने पाहिली जाते.

या खेळाचे मोजमाप समजून घेतल्याशिवाय पुढचे सारे निरर्थक वाटेल. अंतर पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटर. पुढचे चाक प्रारंभरेषेवरील प्रकाशकिरण सोडते तेव्हा गाडीची वेळ सुरू होते. हिरवा दिवा लागल्यापासून चाक हलेपर्यंतचा काळ वेगळा मोजला जातो आणि त्याला रिअॅक्शन टाइम म्हणतात. व्यवस्था चांगली असेल, तर हाती येणाऱ्या चिठ्ठीवर एकूण वेळेबरोबर पहिल्या ६० फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटरांची वेळही छापलेली असते. बहुतेक जण चिठ्ठीचा शेवटचा आकडा पाहतात आणि ती खिशात टाकतात. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर एकूण १७.६ सेकंद होते आणि पहिल्या १८ मीटरांसाठी २.६.

पीथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्या रामबागेतील एक काका ती चिठ्ठी चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अहो, इंजिन नंतर उघडा. तुमची गाडी अजून जागची हललेली नाही." पिटमधील, म्हणजे गाड्या तयार करण्याच्या जागेतील, सगळे मला कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलण्याचा सल्ला देत होते. मी काकांचे ऐकले. आरंभी वाचवलेला सेकंदाचा दहावा भाग अंतिम रेषेपर्यंत साधारण दीडपट होतो, हा ड्रॅग रेसिंगमधील जुना ठोकताळा आहे. आणि माझ्यापुरती त्याहून मोलाची गोष्ट अशी, की संपूर्ण ४०२ मीटर धावायला हवाई पट्टी लागते, पहिल्या १८ मीटरांचा सराव मात्र एका स्नेह्याच्या कारखान्याच्या आवारातही, फाटक लावून, करता येतो.

एस्टीमची पुढची चाके ओढणारी आहेत आणि खरी अडचण तेथेच आहे. गाडी झेप घेते तेव्हा भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरूनच वजन उतरते. परदेशी लेखांतून वाचून अनेक जण बॅटरी मागच्या डिकीत नेतात. तो उपाय मागची चाके ढकलणाऱ्या गाड्यांसाठी आहे, आमच्यासारख्यांचे त्यात नुकसानच होते. मी बॅटरी पुढे जागच्या जागी ठेवली, मागच्या स्प्रिंगा कडक केल्या, म्हणजे गाडीचा मागचा भाग बसत नाही, आणि पुढच्या टायरांतील हवा थोडी उतरवून मागच्यांतील वाढवली. त्यानंतरचे काम डाव्या पायाचे होते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर नेऊन क्लच सोडला, की चाके जागीच फिरत आणि आवाज ऐकून बघे खूश होत. साडेतीन हजारांवर, क्लच किंचित घसरू देत सोडला, की काहीच नाट्य घडत नसे आणि वेळ कमी येत असे. आपल्याकडे पट्टीवर चिकट द्रव्य फवारण्याची पद्धत सहसा नसल्यामुळे हा संयम अधिकच आवश्यक ठरतो. एका वेळी एकच बदल, आणि तोही शक्यतो सकाळच्या त्याच गारव्यात, हा नियम मी कटाक्षाने पाळला. दोन बदल एकत्र केले, तर कोणत्याने काय दिले हे कोणीही सांगू शकत नाही. पुढच्या स्पर्धेत १८ मीटरांना २.३ सेकंद लागले.

वजनाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मागचे आसन, स्टेपनी, आवाज रोखणारे अस्तर आणि बाजूचे आसन काढले; खर्च शून्य, फायदा भरघोस.

इंजिनाकडे वळलो ते यानंतर. सांवेर रोडवरील एका लेथवर फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) हलके करून घेतले, हेड (इंजिनाचा वरचा भाग) किंचित घासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, वाढवले, त्यामुळे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे भाग पडले, आणि धूर बाहेर नेणारा चार नळ्यांचा हेडर बसवला. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा पाच-सहा टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. मे महिन्यातील दुपार त्यात आणखी भर घालते. येथे सुस्त वाटणारी गाडी समुद्रकाठच्या ट्रॅकवर, थंड पहाटे, आपोआप तरतरीत होते. गॅरेजवाल्यांनी सांगितलेल्या "दहा अश्वशक्ती वाढली" छापाच्या दाव्यांकडे म्हणूनच मी साशंकतेने पाहतो.

गाडी वेगवान होत गेली तशी एक अडचण अशी उद्भवली, की जी आधी असूच शकत नव्हती. पूर्वी तिसऱ्या गिअरमध्येच अंतिम रेषा ओलांडली जात असे. आता रेषेच्या थोडे आधीच, ताशी १३० किलोमीटरच्या आसपास, तिसरा गिअर संपू लागला आणि अखेरच्या काही मीटरांसाठी चौथा टाकणे भाग पडले. त्या एका बदलात कमावलेले बरेचसे परत जाई. टायर किंचित मोठ्या व्यासाचे लावले, तर तिसरा गिअर रेषेपर्यंत पुरतो, पण सुरुवातीची ओढ मंदावते. बराच विचार करून मी मोठे टायर निवडले, आणि सुरुवातीचे नुकसान क्लच सोडतानाच्या इंजिनाच्या फेऱ्या थोड्या वाढवून भरून काढले. हंगामातील माझी सर्वोत्तम वेळ, १६.२ सेकंद, याच मांडणीवर आली.

शेवटच्या स्पर्धेत एका फेरीत माझ्या शेजारच्या गाडीची वेळ माझ्यापेक्षा कमी होती, तरी ती फेरी मी जिंकलो, कारण हिरव्या दिव्यावर मी तिच्याआधी निघालो होतो आणि ती आघाडी अखेरपर्यंत पुरली. प्रेक्षकांना हा अन्याय वाटतो. नियमाने रेषा आधी ओलांडणारा जिंकतो, वेळ कोणाची कमी हे त्यात पाहिले जात नाही. त्यापुढच्या फेरीत होंडा सिटी व्हीटेकशी गाठ पडली. तिचे इंजिन दीड लिटरचे आणि मुळातच १०६ अश्वशक्तीचे. वर्ग एकत्र केल्यामुळे ती माझ्यासमोर आली. १८ मीटरांपर्यंत मी पुढे होतो, त्यानंतर मात्र तिचे मागचे दिवे पाहत गेलो.

सध्या गिअरबॉक्स उतरवून बाकावर ठेवलेला आहे. कोरड्या काँक्रीटवरही एकच चाक फिरण्याची खोड अजून गेलेली नाही, त्यामुळे यंदाचा पैसा दोन्ही चाकांना बांधून ठेवणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरेन्शियलवर जाईल; कॅमशाफ्टचा विषय काकांनी अजून काढू दिलेला नाही.