दुसरी वाटी

संक्रांतीनंतरचा सोमवार. सकाळी सातला बेल वाजली, बघतो तर शेजारच्या काकू आणि मागे त्यांची सून, डोळे सुजलेले. आदल्या दिवशी सासवडच्या पुढे काकूंच्या माहेरच्या शेतावर पंधरा जण हुरडा खायला गेले होते. रात्री कर्वेनगरला परत आल्यावर सुनेच्या लक्षात आलं, मंगळसूत्राला एकच वाटी. दुसरीची कडी झिजून तुटलेली.

"काका, तुमच्या त्या यंत्राचा काही उपयोग होईल का?"

माझं 'ते यंत्र' हा आमच्या बिल्डिंगमधला चेष्टेचा विषय. चिंचवडच्या कारखान्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्स करून निवृत्त झालेला माणूस हातात आलेल्या पैशातून मेटल डिटेक्टर का घेतो, हे आमच्या हिलाही अजून पटलेलं नाही. कोणी 'शनिवारवाड्यात घेऊन चला की' म्हणतं. त्यांना मी सांगतो, संरक्षित वास्तूत परवानगीशिवाय खणणं 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. हे ऐकलं की लोक गप्प चहा पितात.

त्यातून माझी पहिली मोहीम सपशेल फसलेली. पुतण्याची साखरपुड्याची अंगठी कोथरूडच्या एका मैदानावर क्रिकेट खेळताना पडली होती. मैदानात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी, कॅनच्या कड्या यांचा नुसता खच. पावलागणिक पिं पिं. अर्ध्या तासात वैतागून मी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळायची सोय, वाढवलं आणि चंदेरीपासून कॅनच्या कडीपर्यंतचा सगळा पट्टाच गप्प केला. यंत्र शांत, मीही खूश. अंगठी चार दिवसांनी मैदान झाडणाऱ्या मावशींना मिळाली. त्या जागेवरून मी दोनदा यंत्र फिरवलं होतं.

मुद्दा असा की यंत्राला 'सोनं' म्हणून काही कळत नाही. यंत्राच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं, ती कॉइल. तिच्यामुळे धातूच्या वस्तूत एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखा वीजप्रवाह, फिरतो, त्याच्या उत्तरावरून ते एक आकडा दाखवतं. शुद्ध सोनं अॅल्युमिनियमपेक्षा चांगलं वाहक आहे, पण दागिन्यासाठी तांबं-चांदी मिसळली की ते वाहकपण झपाट्याने उतरतं. वर दागिना लहान. म्हणून अंगठी नेमकी चंदेरी आणि कॅनच्या कडीच्या आकड्यांत जाऊन बसते. कचरा गप्प केला की सोनंही गप्प होतं.

म्हणून या वेळी मी कुठे पडली, कशी पडली, काहीच विचारलं नाही. म्हटलं, "उरलेली वाटी द्या."

काकू घुटमळल्या. सुनेचा गळा मोकळा ठेवायचा कसा? मग आमच्या हिनेच डब्यातून हळकुंड काढून दोऱ्यात बांधून दिलं, तेव्हा मंगळसूत्र माझ्या हातात आलं.

घरात चाचणी घेण्यात अर्थ नसतो, स्लॅबमधल्या सळयांनी यंत्र वेडं होतं. खाली बागेत गेलो. स्वतःची अंगठी काढली, मोबाइल हिच्याकडे दिला. वाटी प्लॅस्टिकच्या झाकणात ठेवून कॉइल फिरवली: 44, 45, 45, 46. फ्रिक्वेन्सी 5 किलोहर्ट्झवर आवाज पुसट होता, 15 वर टणक आला. लहान आणि कमी वाहक वस्तूला वरची फ्रिक्वेन्सी मानवते. काळ्या पोतीने मात्र आवाजच केला नाही. बारीक साखळीचंही तसंच, यंत्राला अख्खी साखळी दिसतच नाही, सुटी सुटी कडी दिसते. वाटी आत लाखेने भरलेली होती, पण यंत्राला लाखेशी देणंघेणं नाही, करंट वरच्या पत्र्यातच फिरतो.

दिवे घाट चढून शेतावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. जेवायला बसले होते ती आंब्याखालची जागा सुतळीने पट्ट्या पाडून घेतली. फक्त लोखंड बंद ठेवलं, बाकी सगळं चालू. खिळे गप्प राहिले, पण बैलाच्या नालेने दोनदा फसवलं. चपटं मोठं लोखंड कधी कधी थेट चांदीच्या आकड्यावर उडी मारतं. गोळ्यांच्या पट्ट्या सहा निघाल्या. (हुरड्याबरोबर लसणाची चटणी, दही आणि गूळ हाणल्यावर अॅसिडिटीची गोळी लागणारच.) साडेअकराला थ्री फेज आली, विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि यंत्र रातकिड्यासारखं किरकिरायला लागलं. सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणली. खोली थोडी कमी होते, पण कालची वाटी काही हातभर खोल जाणार नव्हती.

दुपारी दोनपर्यंत 45 च्या आसपासचं एकूण एक उकरलं. वाटी नाही.

उरली होती आगटी, हुरडा भाजायचा खड्डा. तिच्याजवळ गेलं की यंत्र नुसतं ओरडायचं, म्हणून मी सकाळपासून तिला वळसा घालत होतो. आपल्या बेसाल्टच्या मातीत मॅग्नेटाइट आधीच असतं, त्यात भाजलेली माती आणखी चुंबकी होते. माझा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी, आंब्याखालच्या काळ्या मातीवर केलेला, तो इथे कसा चालणार? राख खराट्याने बाजूला सारली आणि तिथेच उकिडवा बसलो. भाजलेल्या मातीवर कॉइल वर-खाली, वर-खाली, दोन्ही वेळा गुणगुण सारखी येईपर्यंत नॉब फिरवत राहिलो. मग कॉइल जमिनीपासून दोन बोटांवर धरून अगदी सावकाश नेली.

43. उलट दिशेने 45. परत 45.

खुरप्याचं टोक इंचभर आत गेलं असेल. गोवरीच्या राखेत शेंगदाण्याच्या टरफलाएवढं काळं काहीतरी. अंगठ्याने चोळलं तर एका बाजूला पिवळा पट्टा उमटला. लाख वितळून वाहून गेली होती, वाटी हातात फुलासारखी हलकी.

सुनेने दोन्ही वाट्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या, एक लखलखीत आणि एक धुराने काळवंडलेली. ती हळकुंडाचा दोरा सोडायला लागली, तशी काकूंनी तिचा हात धरला. "सोनाराकडे जाऊन येईपर्यंत राहू दे गळ्यात."