मिठाच्या मोबदल्यात आलेले चर्च

जुन्या लाकडी इमारतींचे जतन हा माझा व्यवसाय आहे. २०१९ साली पश्चिम युक्रेनमधील द्रोहोबिच या गावी सेंट जॉर्जच्या चर्चच्या सांध्यांची पाहणी करण्यात गेलेला दिवस मात्र नेहमीच्या कामापेक्षा फार वेगळा ठरला.

कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या या छोट्या शहराची घडण मिठाने केली. जमिनीखालचे खारे पाणी उपसून ते रुंद कढयांत लाकडाच्या जाळावर आटवायचे, ही तिथली शेकडो वर्षांची रीत. शहराच्या मानचिन्हावरही मीठच आहे. सेंट जॉर्जचे चर्च मुळात या गावचे नव्हेच. ते नादीयिव नावाच्या खेड्यात उभे होते आणि १७व्या शतकाच्या मध्यास द्रोहोबिचकरांनी मीठ देऊन ते विकत घेतले, उतरवले आणि इथे आणून पुन्हा उभे केले. २०१३ साली कार्पेथियन भागातील सोळा लाकडी चर्चचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत हेही आहे.

कोपऱ्यातील सांध्यापाशी बॅटरी धरून मी बराच वेळ बसलो होतो. आडवे ओंडके एकावर एक रचून कोपऱ्यात त्यांची टोके तिरप्या खाचांनी एकमेकांत अशी अडकवली होती, की वरच्या भाराने सांधा अधिकच घट्ट व्हावा. तरीही वरून क्रमाने उतरवत गेल्यास प्रत्येक ओंडका अखंड हाती यावा. आपल्याकडच्या वाड्यांचे खांब आणि तुळया उतरवताना मला हाच दिलासा मिळत आला आहे. माझ्यासोबतच्या स्थानिक सुताराने खालच्या एका ओंडक्यावर मूठ आपटून कुजका भाग आवाजावरून ओळखला आणि तेवढाच काढून नवा तुकडा बसवावा, असे सुचवले. मला ते पूर्णपणे पटले.

दुपारी संग्रहालयात गेलो आणि याच्या नेमके उलट असे काही पाहिले. द्रोहोबिच हे ब्रुनो शुल्त्स या पोलिश भाषेत लिहिणाऱ्या ज्यू लेखक-चित्रकाराचे गाव. युक्रेनियन, पोलिश आणि ज्यू अशा तिन्ही समाजांच्या या शहरावर नाझींचा ताबा आल्यावर फेलिक्स लांडाऊ या गेस्टापो अधिकाऱ्याने आपल्या मुलाच्या खोलीत शुल्त्सकडून परीकथांची चित्रे काढून घेतली. १९ नोव्हेंबर १९४२ रोजी दुसऱ्या एका गेस्टापो अधिकाऱ्याने शुल्त्सला भर रस्त्यात गोळी घातली. पुढे रंगाच्या थरांखाली दडलेली ती चित्रे २००१ साली सापडली आणि काही महिन्यांतच त्यांचे काही भाग भिंतीवरून काढून जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेत नेण्यात आले. उरलेले तुकडे शहरात राहिले.

ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या संस्थेचा त्या चित्रांवरील हक्क मी नाकारत नाही. पण गिलाव्यावरचे चित्र ओंडक्यासारखे सुटत नाही; ते काढताना खोली, उजेड आणि चित्रांचे एकमेकांशी असलेले नाते तुटते, आणि एकाच खोलीची चित्रे दोन देशांत वाटली गेली की कोणत्याही संवर्धकाला ती खोली परत जुळवता येत नाही. त्या संध्याकाळी अहवाल लिहिताना मी प्रत्येक ओंडक्याचा क्रम, दिशा आणि खाचेचे माप, मागितले नसतानाही, स्वतंत्र तक्त्यात नोंदवून दिले.