ओलं आणि कोरडं: कोलाजच्या आठवड्याची रोजनिशी

सोमवार

आज गोंदाची बाटली उघडायची नाही. सोमवार कापण्याचा, फाडण्याचा, मांडून पाहण्याचा. मिश्र माध्यमाचं कोलाज, म्हणजे कागद, रंग, कापड असं एकत्र चिकटवून केलेलं चित्र, नेमाने करायचं तर ओलं काम एका दिवशी आणि कोरडं दुसऱ्या दिवशी, एवढा एकच नियम मला कटाक्षाने पाळण्याजोगा वाटतो. सुचत नाही म्हणून हात थांबतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. माझ्या मते हात थांबतो तो ओल्या कागदापाशी. अर्ध्या तासात सगळं उरकायचं म्हणून पहिला थर वाळायच्या आत दुसरा चढतो, कागद फुगतो, खालचा रंग वर येऊन गढूळ होतो आणि दुसऱ्या दिवशी ते पान समोरही नकोसं वाटतं.

माप ठरलेलं असावं. १५ × १५ सेंमी पुरेसं आहे. दर वेळी माप निवडत बसलं की तिथेच दहा मिनिटं जातात. पाया ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) जलरंगाच्या कागदाचा किंवा २ मिमी जाडीच्या माउंट बोर्डाचा, म्हणजे कडक पुठ्ठ्याचा. यापेक्षा पातळ काहीही घेतलं तर उद्याचा गोंद त्याची होडी करून ठेवतो.

जमवलेल्या कागदांची वर्गवारी विषयानुसार करायचा मोह होतो: फुलं इकडे, चेहरे तिकडे, अक्षरं वेगळी. कामाला येते ती उजळपणानुसार केलेली. एका पाकिटात फिके, दुसऱ्यात मधले, तिसऱ्यात गडद. मांडताना ‘इथे पक्षी हवा’ असं क्वचितच वाटतं. ‘इथे काहीतरी गडद हवं’ असं सारखं वाटतं. आणि गडद पाकीट कायम रोडावलेलं असतं. छापील कागदांत मधल्या छटा ढीगभर, पण एकसंध गडद भाग थोडाच. तो आपणच रंगवून ठेवावा लागतो, त्याचं गुरुवारी.

दहा-बारा तुकडे काढावेत आणि त्यांतले पाचच ठेवावेत. कात्रीने वळणदार आकार कापताना कात्री जागेवर ठेवून कागद फिरवावा, कड गुळगुळीत येते. कटर असेल तर पातं बोथट व्हायच्या आधी मोडावं. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं. फाडण्याची गंमत निराळी. छापील कागद फाडला की दोनपैकी एका तुकड्याच्या कडेला आतला पांढरा गाभा उघडा पडतो, दुसऱ्याच्या नाही. कोणता हात वर ओढतो आणि कोणता खाली, यावर ते ठरतं. त्याच कागदाच्या टाकाऊ कोपऱ्यावर एकदा फाडून पाहिलं की पांढरी कड हवी तिथे आणता येते, नको तिथे टाळता येते.

मांडणी झाली की मोबाइलवर फोटो घेऊन तो कृष्णधवल करून पाहावा. रंगीत दिसताना उठावदार वाटणारे लाल आणि हिरवा तिथे एकाच करड्या छटेत विरघळलेले सापडतात. असं झालं असेल तर रंग बदलण्यापेक्षा एखादा तुकडा खरोखरच गडद घ्यावा. मग मांडणीवर ट्रेसिंग पेपर ठेवून कडा पेन्सिलीने उतरवायच्या, तुकड्यांच्या पाठीवर क्रमांक टाकायचे आणि सगळं पाकिटात भरायचं. उद्या हा नकाशा हाताशी असला की चिकटवताना विचार करावा लागत नाही. ओल्या हाताने विचार करू नये.

मंगळवार

चिकटवण्याचा दिवस. आधी थोडं कारण, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. कागदाचे तंतू पाणी पितात आणि जाडीने फुगतात, लांबीने जवळजवळ नाही. त्यामुळे ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेला वाढतो. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपलेले असतात. ती दिशा ओळखायला कागद हलकेच वाकवून पाहावा: ज्या रेषेवर तो मुकाट वाकतो ती तंतूंची रेषा, आडव्या दिशेला तो अडतो. मोठा तुकडा आणि पाया यांच्या तंतूंची दिशा एक ठेवली तर निम्मी कटकट तिथेच मिटते.

सुरकुत्या येतात त्या याच वाढीमुळे. पाठीला गोंद लावला, लगेच दाबला, आणि कागद त्यानंतर वाढू लागला. वाढायला जागा नाही, म्हणून तो वर उचलला गेला. उपाय म्हणजे त्याला आधीच वाढू देणं. जाडसर कागदाच्या पाठीला गोंद लावून मिनिटभर तसाच ठेवावा, तो गुंडाळतो आणि पुन्हा सैल पडतो, तेव्हा लावावा. पायावरही गोंदाचा पातळ हात हवा. तुकडा मधून टेकवायचा आणि रबरी रोलरने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने मधून बाहेर सरकायचं. वर बेकिंग पेपर ठेवून घासलं तर छापील पृष्ठभाग खरवडत नाही. कडांबाहेर आलेला गोंद तिथल्या तिथे ओलसर फडक्याने टिपावा. वाळल्यावर तो चकाकतो आणि त्यावर रंग नीट बसत नाही.

गोंद कोणता? पांढरा पीव्हीए गोंद (फेविकॉलसारखा) सर्वात सोयीचा. पातळ कागदासाठी ३ भाग गोंद आणि १ भाग पाणी. पाणी निम्म्यापर्यंत गेलं की पकडही कमी होते आणि सुरकुत्याही वाढतात, दोन्हीकडून तोटा. पुढे वर रंगकाम होणार असेल तर मला मॅट मीडियम (रंग न घातलेलं, चकाकी नसलेलं अ‍ॅक्रिलिक) जास्त पसंत आहे, कारण चिकटवणं आणि वरून लेप देणं एकाच बाटलीत होतं. मिथाइल सेल्युलोज (पाण्यात कालवून गोंद करायची पूड) सावकाश वाळतं, तुकडा सरकवायला वेळ मिळतो, आणि पाण्याने पुन्हा सुटतं. जुनी पत्रं किंवा नाजूक कागद असतील तर तेच घ्यावं. १०० मिली पाण्यात ३ ते ४ ग्रॅम पूड. ती गरम पाण्यात विरघळत नाही, फक्त सुटी पसरते. म्हणून एक तृतीयांश गरम पाण्यात पूड ढवळून मग उरलेलं थंड पाणी घालायचं. थेट थंड पाण्यात टाकली की गाठी होतात आणि त्या काही केल्या फुटत नाहीत. गोंदाची कांडी पातळ कागदाला बरी, ओल नाही म्हणून सुरकुतीही नाही, पण वर्ष-दोन वर्षांत कडा उचलू लागतात. रबर सिमेंटच्या (पातळ रबरी गोंदाच्या) वाट्याला जाऊ नये: ते पिवळं पडतं, डाग वर येतो आणि पकडही सुटते.

टिश्यू पेपरची वेगळी तऱ्हा. तो हातात घेऊन त्याला गोंद लावायला गेलं की फाटतो. पायावर मीडियम लावावं, त्यावर तो अलगद सोडावा आणि वरून मऊ ब्रशने पुन्हा मीडियम द्यावं. काही टिश्यूंचा रंग पाण्यात सुटतो. हवा असेल तर उत्तम, नको असेल तर आधी तुकडा ओल्या बोटाने चोळून पाहावा. इंकजेटवर छापलेल्या चित्रांचंही तेच, शाई पसरते. लेझर किंवा झेरॉक्सची प्रत पसरत नाही, कारण टोनर म्हणजे मुळात वितळवून बसवलेली प्लास्टिकची पूड.

मोठे तुकडे आधी, लहान नंतर. सगळं लागलं की वर बेकिंग पेपर, त्यावर सपाट फळी, त्यावर वजन, रात्रभर.

बुधवार

काही करायचं नाही. वजन उचलून डोकावू नये, हेअर ड्रायर तर मुळीच नको: वरची साय आधी वाळते, खालचं पाणी अडकतं, आणि फुगे येतात.

तरी एखादा फुगा सापडलाच तर सुईने भोक पाडून, पातळ गोंदाचा थेंब आत सोडून पुन्हा दाबावा. बोर्ड वाकला असेल तर पाठीला तेवढ्याच जाडीचा कागद त्याच गोंदाने चिकटवावा. पुढचा कागद वाळताना आक्रसून बोर्डाला आपल्याकडे खेचतो, मागचा तितक्याच जोराने उलट खेचतो. मोठ्या कामांत हा मागचा कागद पहिल्याच दिवशी लावलेला बरा.

गुरुवार

रंगवलेले कागद तयार करण्याचा दिवस, आज काहीही चिकटवायचं नाही. हे वेगळेपण नवं नाही. फ्रेंच चित्रकार मातिसच्या शेवटच्या काळातल्या कातरकामांत हीच रीत होती: त्याच्या सहायिका कागदांवर आधी ग्वाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) सपाट हात देऊन ठेवत, आणि मग तो वाळलेल्या रंगीत कागदात थेट कात्री चालवी. कापताना रंगाचा विचार संपलेला असतो, त्यामुळे हात मोकळा राहतो.

एका बैठकीत आठ-दहा कागद होतात. १०० ते १२० जीएसएमचा साधा कागद घ्यावा. जाड कागदाच्या कडा पुढे कोलाजमध्ये पायरीसारख्या दिसतात. अ‍ॅक्रिलिक पातळ लावावं. दोन कागद पूर्ण गडद, दोन फार फिके, उरलेल्यांवर खुणा: कोरड्या ब्रशचे फराटे, कंगव्याने ओढलेल्या रेषा, पन्हळी पुठ्ठ्याचे ठसे. जेल प्लेट (ठसे घ्यायची मऊ, लवचिक पाटी) असेल तर रंगाचे दोन-तीन थेंब पुरतात. रोलर चिकट आवाज करू लागला की थर बरोबर बसला. रंग जास्त झाला की ठसा न उमटता नुसता चिखल उठतो.

वर्तमानपत्राचा कागद वापरायचा की नाही? त्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, उजेड आणि हवा लागून तो पिवळा-तपकिरी होतो. पिकासोने १९१२ साली चिकटवलेले वर्तमानपत्राचे तुकडे आज तपकिरी दिसतात. मीडियमच्या लेपाने ही प्रक्रिया थांबत नाही. ते पिवळेपण चालणार असेल तर खुशाल वापरावं. नसेल तर चांगल्या कागदावर लेझर प्रत काढून ती लावावी. घरातली जुनी पत्रं आणि फोटो यांच्या बाबतीत तर प्रतच, मूळ कधीही नाही.

शुक्रवार

टोनरचा छाप उतरवणं. लेझर प्रत हवी, आणि अक्षरं असतील तर आरशातली प्रतिमा छापून घ्यावी, नाहीतर उलटी उतरतात. पायावर जेल मीडियमचा (मीडियमचाच दाट प्रकार) सलग, मध्यम जाडीचा थर, प्रत पालथी टाकून रोलरने हवा काढायची, रात्रभर सोडायची. दुसऱ्या दिवशी पाठ स्पंजने भिजवून बोटाने कागद गोल गोल चोळत काढायचा. एका दमात सगळा काढायला गेलं तर छापही निघतो. दोन-तीन फेऱ्या कराव्यात, प्रत्येकीनंतर वाळू द्यावं. वाळल्यावर पांढरी लव दिसते ती उरलेल्या तंतूंची. ती थोडी राहिली तर मीडियमचा पातळ हात तिला पारदर्शक करतो. जागोजागी छाप गायब असेल तर तिथे जेल पोचलं नव्हतं किंवा हवा अडकली होती. काळ्या प्रतीतल्या पांढऱ्या जागी टोनरच नसतो, म्हणून तिथून खालचा कागद दिसतो. खाली फिका छापील कागद असेल तर हे फार छान जमतं.

घाईच्या दिवसासाठी कोरडी चिकटवणी. कागदाच्या पाठीला आणि पायाला मॅट मीडियम लावून दोन्ही पूर्ण वाळवून ठेवावं. हवं तेव्हा एकावर एक ठेवून, वर सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग पेपर घालून, मध्यम गरम इस्त्रीने वाफ बंद ठेवून १० ते १५ सेकंद दाबावं. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होऊन एकमेकांना धरतं. पाणी नाही, सुरकुती नाही. मेणकागद मात्र चालत नाही, मेण वितळून चित्रात उतरतं. हे तंत्र एकदा हाती आलं की ओल्या दिवसांची संख्याच कमी होते.

शनिवार

जाड वस्तूंची पाळी: कापड, दोरा, बटणं, तारा. कापडाच्या कडांना आधी पातळ पीव्हीए लावून वाळवलं की धागे सुटत नाहीत. कागदावर टाके घालायचे तर भोकं आधी सुईने पाडून घ्यावीत, ४ ते ५ मिमी अंतरावर. दोन मिमीवर पाडली तर तिकिटासारखी फाटायची रेघ तयार होते. जड वस्तूंना दाट जेल हवं. ते ओलं असताना पांढरं असतं. थर जाड असेल तर पूर्ण पारदर्शक व्हायला कित्येक दिवस लागतात, तोवर बिघडलं समजून खरवडू नये. गंजलेलं लोखंड ओल्या मीडियमला तपकिरी डाग पाडतं.

तेलखडू आणि मेणाचे रंग सर्वात शेवटी. त्यांच्यावर ना गोंद धरत ना अ‍ॅक्रिलिक, आज नाही तर उद्या पोपडे सुटतात.

नेमाविषयी बोलताना मला अठराव्या शतकातली इंग्रज कलाकार मेरी डेलनी आठवते. तिने सत्तरी ओलांडल्यावर कागदी फुलं करायला घेतली आणि साधारण १० वर्षांत ९८५ पूर्ण केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काळी पार्श्वभूमी, कातरलेल्या पाकळ्या, हीच चौकट शेकडो वेळा. दर वेळी नवी शैली शोधणाऱ्यांनी ती जरूर पाहावीत.

रविवार

शेवटचा हात. चिकटवून तीन दिवस तरी झालेल्या कामांनाच. मॅट व्हार्निशची बाटली हलवायची नाही, ढवळायची: हलवली की हवेचे बुडबुडे, न ढवळली की चकाकी घालवणारी पूड तळाशी. दोन पातळ हात पुरे. जाड मॅट थर गडद भागावर दुधाळ दिसतो, आणि आठवडाभर जपलेला काळा करडा होऊन बसतो. तिथे आधी एक हात ग्लॉसचा (चकचकीत व्हार्निशचा) देऊन वर एकच मॅटचा द्यावा.

छापील मासिकांतली चित्रं सरावाला ठीक. काम विकायचं किंवा छापायचं असेल तर ती दुसऱ्याच्या मालकीची आहेत हे ध्यानात ठेवून स्वतः रंगवलेले, स्वतः टिपलेले किंवा हक्कमुक्त कागदच वापरावेत.

वाळलेली अ‍ॅक्रिलिकची पृष्ठं एकमेकांवर ठेवली की चिकटतात, उकाड्यात आणि वजनाखाली जास्तच, आणि सोडवताना एकाची कातडी दुसऱ्याला जाते. वहीत काम असेल तर प्रत्येक पानामध्ये बेकिंग पेपर. सुट्या पानांची थप्पी न करता ती पुठ्ठ्याच्या पेटीत उभी ठेवावीत. पाठीवर पेन्सिलीने तारीख, गोंदाचं नाव आणि कागद कुठला ते लिहावं. पेन नको, शाई पाझरते. दोन वर्षांनी कुठली कड उचलली आणि कुठली नाही, हे त्याच नोंदीवरून कळतं.