द्राक्षाचा वास न आलेली प्लेट

मी मूळची तासगावची. त्यामुळे मिरजेतल्या आमच्या लॅबमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू ओळखायचं काम माझ्या नाकाकडे. जंतू वाढवलेल्या प्लेटचं झाकण किंचित उचललं की पिकल्या द्राक्षांचा वास येतो. ऑक्सिडेज ही ओळखीची टेस्ट लावायच्या आधीच मी नाव सांगून मोकळी. प्लेट हुंगायची नसते हे डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, पहिल्याच महिन्यात शिकवतात. हुंगतात मात्र सगळेच.

शुक्रवारी सिरिंजमधून पू आला. फॉर्मवर ‘पस कल्चर’, वय ५२, बस्स. पू कुठला, शुगर आहे का, ताप किती दिवसांचा, काही नाही. डॉक्टर मंडळींना फॉर्म भरताना हात का दुखतो, देव जाणे.

जंतू रंगवून बघायच्या ग्रॅम स्टेनचा सगळा खेळ अल्कोहोलचा. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिनिट-मिनिट ठेवलं तरी बिघडत नाही, पण अल्कोहोल चार सेकंद जास्त झालं की जांभळे राहायला हवेत ते पॉझिटिव्हसुद्धा निगेटिव्हसारखे गुलाबी दिसायला लागतात. माझी स्लाइड झकास उतरली होती. गुलाबी काड्या, दोन्ही टोकं गडद, मधला भाग फिका; सेफ्टी पिना सांडल्यासारख्या. हे सगळं पाहिलं आणि रजिस्टरमध्ये ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ (गुलाबी काड्या) एवढंच लिहिलं.

शनिवारी ब्लड अगारच्या प्लेटवर बारीक, सायीच्या रंगाच्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. दुसऱ्या, मॅकॉन्कीच्या प्लेटवर लॅक्टोज वापरल्याची खूण नाही. ऑक्सिडेज लाकडी काडीनं केली, कारण तारेच्या लूपमधलं लोखंड खोटा जांभळा रंग देतं. पॉझिटिव्ह. मग हुंगली. द्राक्ष नाही, ओल्या मातीचा वास.

“पाण्यातलं कायतरी आलं असंल,” आमचे सीनियर दादा म्हणाले. “स्यूडोमोनास स्पीसीज लिही आन् सोड.” दादांचा हात चांगला आहे, पण पंचवीस वर्षांत त्यांना नवीन जंतू भेटलेला नाही. मी कोणतं औषध लागू पडतं ते बघायला अँटिबायोटिकच्या डिस्क लावल्या. जुन्या प्लेटा त्याच संध्याकाळी टाकायच्या होत्या, पण वाफेनं जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हचं रबर गेलेलं, म्हणून त्या इन्क्युबेटरमध्येच राहिल्या.

सोमवारी त्याच कॉलनी सुरकुतल्या होत्या, रॅकवर वाळलेल्या बेदाण्यासारख्या. सेन्सिटिव्हिटीची प्लेट तर उलटीच. जेंटामायसिन आणि पॉलिमिक्सिनच्या डिस्कला ग्रोथ अगदी चिकटून, आणि को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती मोठा स्वच्छ झोन. स्यूडोमोनास असता तर को-अमॉक्सिक्लॅव्हला दाद देत नाही, पॉलिमिक्सिनला मात्र नमतो.

लॅबच्या मॅडम आल्या, लांबूनच बघितलं. “झाकण लाव आधी. बुर्खोल्डेरिया सुडोमलाय वाटतोय. यापुढचं सगळं सेफ्टी कॅबिनेटमध्ये. हुंगलीस?”

मी गप्प.

याच्या रोगाचं नाव मेलिऑइडोसिस. व्हिटमोर या ब्रिटिश डॉक्टरला हा जंतू १९११ साली रंगूनमध्ये सापडला. राहतो माती-पाण्यात, गाठतो बहुतेक मधुमेह्यांना, आणि टीबीचं सोंग इतकं चांगलं करतो की भलेभले फसतात. मॅडमनी वॉर्डला फोन लावला तेव्हा फॉर्मवर नसलेलं सगळं बाहेर आलं. कृष्णाकाठचा ऊसवाला, शुगर तीनशेच्या वर, पू यकृतातला, टीबीच्या गोळ्या दीड महिना चालू. वर सध्या जेंटामायसिन! त्याच दुपारी सेफ्टाझिडिम सुरू झालं. बाहेरच्या मोठ्या लॅबनं पुढे नावही पक्कं केलं. माणूस पायानं चालत घरी गेला. त्यानंतर किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल.

हुंगताना जंतू आत गेला असेल तर ताप येईल, म्हणून मी मात्र २१ दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत होते. घरी सांगितलं, थोडी कणकण आहे.

बाविसाव्या दिवशी जुनं रजिस्टर काढलं. मागच्या पावसाळ्यात एक नोंद आहे: पू, स्यूडोमोनास स्पीसीज, जेंटा आर, पॉलिमिक्सिन आर, को-अमॉक्सिक्लॅव्ह एस. आर म्हणजे औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो. शेरा माझ्याच अक्षरात, ‘कंटॅमिनेशन, सॅम्पल पुन्हा पाठवा.’ पुढची पानं दोनदा चाळली. सॅम्पल आलेलं नाही. फोन नंबरचा रकाना कोरा आहे.